अठरा वर्षे पूर्ण होताना बालगृहातील मुलीचे हक्क कोणते? कोल्हापुरात कोणाकडे जावे?

गणिताच्या बाई, राजारामपुरी

नमस्कार. मी निवृत्त माध्यमिक शिक्षिका असून शहरातील मुलींच्या एका बालगृहात दर रविवारी गणित शिकवायला जाते. संस्थेचे नाव किंवा मुलीची ओळख पटेल असा तपशील मी येथे देणार नाही, आणि उत्तर देणाऱ्यांनीही त्याबाबत तर्क करू नये, अशी विनंती आहे.

माझ्याकडे शिकणारी एक मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. तिची आई ती लहान असतानाच गेली आणि वडील ती आठवीत असताना वारले. तेव्हापासून ती बाल कल्याण समितीच्या आदेशाने या संस्थेत राहते. डिसेंबरअखेर तिला अठरा वर्षे पूर्ण होतात आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. संस्थेतील कर्मचारी मनाने चांगले आहेत, मुलींची आबाळ होत नाही. पण ‘अठरा झाली की नाव कमी होते, मग काकांकडे जायचे’ एवढेच तिला सांगण्यात आले आहे. हे काका राधानगरी तालुक्यातील एका गावी राहतात. इतक्या वर्षांत ते क्वचितच भेटायला आले, मात्र अलीकडे त्यांचे फोन वाढले आहेत आणि ‘स्थळ पाहून ठेवले आहे’ असे त्यांनी अधीक्षिकांना सांगितल्याचेही माझ्या कानावर आले आहे. मुलीला नर्सिंगला जायचे आहे.

मागच्या रविवारी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला एक बेरीज दिसली. कॉट बेसिसची खोली, मेस, केएमटीचा (शहर बसचा) पास आणि त्याखाली ‘गादी, बादली, कुलूप’. यांतल्या गादीपुढे तिने प्रश्नचिन्ह काढले होते. कोणी काही सांगितलेले नसताना ही मुलगी एकटीच पुढच्या आयुष्याचा हिशेब मांडत बसली आहे, हे पाहून मला फार वाईट वाटले.

मला जाणकारांकडून हे समजून घ्यायचे आहे की, परीक्षा तोंडावर असताना तिला केवळ वाढदिवस झाला म्हणून संस्था सोडावी लागेल का, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा आहे. अठरानंतर शासनाकडून जी मदत मिळते असे ऐकते, ती मागण्याचा तिला हक्क आहे, की ती कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून आहे? आणि माझ्यासारख्या, तिच्याशी कायद्याने कोणतेही नाते नसलेल्या बाईने यात काय करावे आणि काय करू नये?

माजी परिविक्षा अधिकारी

बाई, आपल्या प्रश्नात सर्वांत महत्त्वाची गोष्ट तारीख आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. सध्या गणपतीचे दिवस आहेत आणि कार्यालयांतून ‘गणपती झाल्यावर बघू’, नंतर ‘दिवाळी झाल्यावर बघू’ असे ऐकायला मिळेल. या मुलीच्या बाबतीत दिवाळीपर्यंत थांबणे परवडणारे नाही. बाल न्याय कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे, मूल संस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा बाल कल्याण अधिकाऱ्याने त्याच्या पुढील आयुष्याचा आराखडा तयार करून समितीपुढे ठेवायचा असतो आणि अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, गरज असल्यास तशी शिफारस करायची असते. म्हणजे ऑक्टोबर संपण्यापूर्वी हा आराखडा समितीच्या टेबलावर असला पाहिजे.

‘अठरा झाली की नाव कमी होते’ हे अर्धेच खरे आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार अठरा पूर्ण झाल्यावर ती बालक राहत नाही, त्यामुळे बालगृहात नुसते ‘राहू द्या हो’ म्हणून राहता येत नाही, हे खरे. परंतु त्याच कायद्याने अठरा ते एकवीस या वयोगटासाठी अनुरक्षणाची तरतूद केलेली आहे. कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्या मुलाला मुख्य प्रवाहात स्थिरावण्यासाठी अर्थसाहाय्य देण्याचे म्हटले आहे, आणि अपवादात्मक परिस्थितीत एकविसानंतर आणखी दोन वर्षे ही मदत चालू ठेवता येते. निवाऱ्याची सोय, शिक्षण किंवा व्यवसाय प्रशिक्षण, समुपदेशन, नोकरी लागेपर्यंत विद्यावेतन, स्वतःचा उद्योग सुरू करायचा असेल तर त्यासाठी साहाय्य, असे त्याचे स्वरूप नियमांत सांगितलेले आहे. सहा ते आठ जणांनी मिळून तात्पुरते राहावे अशी सामूहिक निवासाची कल्पनाही त्यात आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये ठरलेले असून ही रक्कम थेट त्या युवक-युवतीच्या बँक खात्यावर जमा व्हायची असते.

आपण हक्क की मर्जी असे विचारले आहे, त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. कायद्याने समितीला ही मदत मंजूर करण्याचा अधिकार दिला आहे. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप खात्यावर येईल, अशी व्यवस्था मात्र नाही. समितीचा आदेश लागतो, आदेशासाठी शिफारस लागते, आणि मुलीची मागणीच कागदावर नसेल तर शिफारस करणाऱ्यालाही ‘नातेवाईक न्यायला तयार आहेत’ असा शेरा मारून मोकळे होता येते. माझ्या नोकरीत मी अशा कितीतरी फाईल पाहिल्या, ज्यांच्या शेवटच्या पानावर ‘नातेवाइकांच्या ताब्यात दिले’ एवढीच ओळ असते. त्या घरात तिला स्वतंत्र अंथरूण मिळाले का, तिचे शिक्षण पुढे चालू राहिले का, याविषयी त्या फाईलमध्ये पुढे काहीही नसते. सज्ञान होणाऱ्या मुलीला कोणाच्या ‘ताब्यात’ देण्याचा प्रश्नच मुळात उद्भवत नाही, हे आपल्या यंत्रणेच्या अजून पचनी पडलेले नाही, आणि मला त्याचा मनापासून संताप येतो.

तेव्हा अर्ज मुलीने स्वतः, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावा. तो अध्यक्ष, बाल कल्याण समिती, कोल्हापूर यांच्या नावे असावा आणि त्याची प्रत जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातील जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्यावी. जन्मतारीख, संस्थेत कधीपासून आहे, कोणत्या इयत्तेत आहे, परीक्षा कधी आहे आणि पुढे काय शिकायचे आहे, हे साध्या शब्दांत लिहिले की पुरे. मागण्या मात्र नेमक्या असाव्यात: बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत राहण्याची सोय कोठे असेल याचा लेखी आदेश, त्यानंतर अनुरक्षण गृहात किंवा वसतिगृहात निवास, दरमहा अर्थसाहाय्य आणि नर्सिंगच्या प्रवेशासाठी मदत. समितीने महिन्यातून किमान २० दिवस बसावे असे कायदा सांगतो, त्यामुळे ‘बैठकच नाही’ हे कारण फार दिवस चालत नाही. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. आदेश विरुद्ध गेला, तर ३० दिवसांत अपील करता येते आणि अनुरक्षणाच्या प्रकरणातील अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते.

आता एक वेगळी, पण तितकीच तातडीची बाब. तिचे आई-वडील दोघेही हयात नाहीत आणि ती मान्यताप्राप्त संस्थेत वाढली आहे. महाराष्ट्रात अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. २०१८ पासून ते लागू असून ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ‘संस्थात्मक’ आणि ‘संस्थाबाह्य’ असे त्याचे दोन प्रवर्ग केले. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात जी पूर्ण सवलत दिली, तिच्यात या दोन्ही प्रवर्गांतील अनाथ मुला-मुलींचा समावेश आहे. या सगळ्याचे दार अनाथ प्रमाणपत्राने उघडते. ते समितीच्या शिफारशीने आणि महिला व बाल विकास कार्यालयामार्फत मिळवायचे असते, त्याला वेळ लागतो, आणि प्रवेश परीक्षेचा अर्ज भरताना प्रवर्ग नोंदवावा लागतो. म्हणून निकालाची वाट न पाहता याच महिन्यात अर्ज करावा. (बालगृहातील अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. त्यांना हे प्रमाणपत्र मिळत नाही, परंतु अनुरक्षणासाठी मात्र ती पात्र ठरतात. या दोन गोष्टींची गल्लत होऊन अनेक मुले दोन्हींना मुकतात.)

आपण काय करू नये, तेही सांगतो. अधीक्षिकांना डावलून काही करू नका. त्यांच्या सहीशिवाय एकही कागद पुढे सरकणार नाही, आणि आपल्या वर्णनावरून त्या विरोधात असतील असे वाटत नाही. तिला स्वतःच्या घरी नेण्याचा विचार आला असेल, तर तोही आत्ताच बोलून दाखवू नका. आपण पुढे किती वर्षे उभ्या राहू शकाल, हे ठरल्याशिवाय तिला आशा लावणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

बालगृहात वाढलेली, गोकुळ शिरगाव

बाई, मी स्वतः लहानपणापासून बालगृहात वाढले. आयटीआय करून आता येथील औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. सरांनी कायदा सांगितला आहे, त्यात मला भर घालण्यासारखे काही नाही. मी फक्त बाहेर पडल्यावर जे जे अडले, ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे मोबाईल क्रमांक. आमच्या आधार कार्डांना आणि बँक खात्यांना संस्थेच्या कार्यालयातील मोबाईलचा क्रमांक जोडलेला असतो. आत असताना ते सोयीचे असते, पण बाहेर पडल्यावर कोणताही ऑनलाईन अर्ज भरायला बसले की ओटीपी कार्यालयातल्या टेबलावरच्या त्या फोनवर जातो, आणि तो फोन ज्यांच्याकडे असतो त्या मॅडम सुट्टीवर असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी भरताना आमच्यातील एका मुलीची संधी केवळ या कारणाने गेली. तेव्हा तिच्या नावाचे सिमकार्ड, आधारला नवा क्रमांक, बँक खाते अधीक्षिकांच्या सहीतून मोकळे होऊन तिच्या एकटीच्या नावावर होणे आणि पॅन कार्ड, ही कामे अठरा पूर्ण होताच त्याच आठवड्यात उरकून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका आणि आधार या तिन्हींवर नाव सारखेच आहे का, हे आजच पाहा. आमच्याकडे एकीच्या आधारवर आईचे नाव मधल्या नावाच्या जागी पडले होते आणि ते दुरुस्त होईपर्यंत तिचा प्रवेश लटकला.

दुसरी गोष्ट, संस्था सोडण्यापूर्वी तिने तिच्या फाईलमधील कागदांच्या प्रती मागून घ्याव्यात. समितीचा पहिला आदेश, जन्माचा दाखला, आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, लसीकरणाचे कार्ड, आजारपणाचे कागद, आणि कोणी फोटो दिलेला असेल तर तोही. हे सारे तिचे आहे. पुढे प्रत्येक खिडकीवर ‘पालकांचे नाव, पालकांची सही’ विचारतात आणि तेथे उभे राहून पुन्हा पुन्हा आपली कहाणी सांगावी लागणे फार जिवावर येते. समितीच्या आदेशाची प्रत पुढे केली, की कहाणी सांगावी लागत नाही.

राहण्याविषयी. राजारामपुरी आणि शाहूपुरीत कॉट बेसिसवर जागा मिळते, पण अनामत रक्कम लागते आणि अर्जावर पालकांचा मोबाईल क्रमांक लिहावा लागतो. मी तो रकाना रिकामा ठेवला, तेव्हा घरमालकीण बाईंनी मला खालून वरपर्यंत न्याहाळले आणि ‘जागा भरली’ असे सांगितले. त्याच दुपारी माझ्याबरोबरच्या मुलीला तीच जागा मिळाली. त्या रकान्यात कोणाचा तरी क्रमांक असणे, हे दरमहाच्या पैशांइतकेच मोलाचे असते. दिवाळीत मेस बंद होते आणि सगळ्या मुली गावी जातात, तेव्हा चार दिवस कोठे जेवायचे, हाही प्रश्नच असतो. रात्री ताप चढला, तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेणारे कोणी असावे लागते. बाई, तुम्ही तिचा क्रमांक होऊ शकलात, तर यातील निम्मी काळजी मिटेल. पण सर म्हणाले तसे, दरवर्षी उचलला जाईल असाच तो क्रमांक असू द्या.

पैशांचा पहिला हप्ता वेळेवर येईलच असे नाही. म्हणून तिच्या खात्यात आधीपासून थोडी शिल्लक हवी. संस्थेत आम्हाला साबणापासून वहीपर्यंत सगळे हातात मिळते, त्यामुळे महिनाभराचा किराणा किती लागतो, दवाखान्याचे बिल कसे भरतात, मैत्रिणीने उसने मागितले तर नाही कसे म्हणायचे, हे काहीच ठाऊक नसते. तुमची मुलगी बेरीज मांडते आहे, म्हणजे ती कितीतरी पुढे आहे. तिला एकदा बाजारात नेऊन ती बेरीज खऱ्या भावांनी मांडायला लावा.

आणि शेवटचे सांगते. तिला विचारा. नर्सिंग तिने स्वतः निवडले आहे, की संस्थेतील मुलींनी नर्सिंग किंवा शिवणकाम करायचे असते, असे ऐकून ऐकून निवडले आहे, हेही विचारा. आम्हाला जेवलीस का, अभ्यास केलास का, हे सगळे विचारतात. काय हवे, असे मला पहिल्यांदा विचारले ते आयटीआयच्या एका सरांनी.

गणिताच्या बाई, राजारामपुरी

आपण दोघांनी जे लिहिले, ते मी पुन्हा पुन्हा वाचले. मी अधीक्षिकांशी बोलले. त्यांनी मनमोकळेपणाने ऐकून घेतले आणि आराखडा या महिन्यातच पाठवण्याचे मान्य केले. दोन कर्मचाऱ्यांच्या जागा रिकाम्या असल्याने कागदपत्रे मागे पडतात, असे त्या म्हणाल्या आणि त्यात तथ्य आहे. बोलण्याच्या ओघात एक नवी माहिती कळली, ती अशी की मुलीच्या वडिलांच्या नावे गावी काही शेतजमीन होती आणि ती सध्या काका कसतात. काकांच्या वाढलेल्या फोनांचा याच्याशी काही संबंध असेल का, हे मला ठाऊक नाही, आणि उगाच कोणाविषयी वाईट बोलायचे नाही. कोणी कायदेशीर बाजू सांगेल का?

वकील, कसबा बावडा

काकांचा हेतू चांगलाही असू शकतो, तेव्हा त्यावर भाष्य न करता फक्त कायदा सांगतो.

अठरा पूर्ण झाल्यावर तिच्यावर कोणाचेही पालकत्व उरत नाही. ती कोठे राहील, काय शिकेल, लग्न करील की नाही आणि कोणाशी करील, हे ठरवण्याचा अधिकार तिचा एकटीचा आहे. समितीपुढे काकांनी ‘मी सांभाळतो’ असे लिहून दिले, तरी तिच्या इच्छेविरुद्ध तिला तेथे पाठवता येणार नाही.

जमिनीचे पाहायचे, तर वडिलांच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर तिची वारस नोंद झाली आहे का, हे आधी तपासा. सातबारा उतारा ऑनलाईन मिळतो; गट क्रमांक माहीत नसेल, तर वडिलांच्या नावावरूनही शोध घेता येतो. नोंद झाली असेल, तर अज्ञान (अठरा वर्षांखालील) वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) आणि पालनकर्त्याचे नाव असे लिहिलेले आढळेल. सज्ञान झाल्यावर वयाचा पुरावा जोडून अर्ज केला, की तो शेरा कमी होतो आणि तिचे नाव स्वतंत्रपणे लागते. नोंदच झालेली नसेल, तर वारस नोंदीचा अर्ज गावच्या तलाठी कार्यालयात द्यावा. जमीन वडिलोपार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिलेला आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तो निःसंदिग्ध केला. ती अज्ञान असताना कोणी न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिचा हिस्सा विकला असेल, तर सज्ञान झाल्यानंतर त्याला आव्हान देता येते. मात्र त्यासाठी सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, ती हातची जाऊ देऊ नये.

माझा खरा इशारा हक्कसोडपत्राविषयी आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलींना ‘चल, तालुक्याला जाऊन येऊ, एक सही करायची आहे’ असे म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात नेल्याची प्रकरणे माझ्याकडे आलेली आहेत. साडी-चोळी करतात, चहापाणी होते, आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा व फोटो घेतला जातो. नंतर ते रद्द करून घ्यायचे, तर दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे जातात. तिला आजच स्पष्ट सांगून ठेवा की, वकिलाला दाखवल्याशिवाय जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही करायची नाही, मग सांगणारे माणूस कितीही मायेचे असो.

वकिलाच्या खर्चाची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. जिल्हाधिकाऱ्यांकडील अपिलातही न्याय मिळाला नाही आणि उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आली, तरी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले आहे. अशा मुलीला मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत, ही आपल्या जिल्ह्यासाठी मोठी गोष्ट आहे.

वसतिगृहाचा विश्वस्त

वरील चर्चा वाचून स्वस्थ बसवले नाही, म्हणून लिहितो. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढील काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगे या गावात उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली, तरच तो शिकेल, हे महाराजांनी ओळखले होते. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना आज नेमकी तीच जागा हवी आहे, आणि या शहरात ती देण्याची ताकद असलेल्या कितीतरी संस्था आहेत. अनुरक्षणासाठी मदत करू इच्छिणाऱ्या संस्थांची व व्यक्तींची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची असते. आपल्यापैकी किती विश्वस्त मंडळांनी त्या यादीत नाव दिले आहे? आमच्या मंडळाने दिलेले नव्हते. आमच्या मुलींच्या वसतिगृहात अशा मुलींसाठी दोन जागा कायम राखून ठेवाव्यात, अनामत घेऊ नये आणि दिवाळीच्या सुट्टीतही त्यांची जेवणाची सोय चालू ठेवावी, असा ठराव मी येत्या बैठकीत मांडणार आहे.

बाईंनी सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहांतही चौकशी करावी, तेथे अनाथ विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखीव असतात. पदवीचे शिक्षण घ्यायचे ठरले, तर शिवाजी विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजनाही आहे.

गणिताच्या बाई, राजारामपुरी

गोकुळ शिरगावच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी मुलीला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की, नर्सिंग तिचेच आहे. वडील दवाखान्यात होते तेव्हा रात्रपाळीच्या एक सिस्टर तिला स्वतःच्या डब्यातले खायला देत असत, तेव्हापासून तिने ते मनाशी ठरवले आहे. अर्ज तिने स्वतः लिहिला. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. शेवटी तिने आपल्या मनाने एक वाक्य घातले आहे: ‘मला काकांकडे सणाला जायला आवडेल, राहायला नाही.’ हे वाक्य ठेवावे की काढावे? काकांकडे जाणे-येणे असल्याचे दिसले, तर ‘नातेवाईक आहेत, मग अनुरक्षण कशाला’ असे समिती म्हणेल का, अशी अधीक्षिकांना शंका आहे.

माजी परिविक्षा अधिकारी

वाक्य जसेच्या तसे ठेवावे. नातेवाइकांशी संबंध असणे हे अनुरक्षण नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. नातेवाइकांकडे राहून तिचे शिक्षण आणि सुरक्षितता साधणार आहे का, हे पाहायचे असते. उलट या एका वाक्यातून समितीला कळेल की, मुलगी रागाने किंवा कोणाच्या शिकवण्याने बोलत नसून विचार करून बोलते आहे. अधीक्षिकांनी गृहचौकशी अहवाल मागवताना काकांचे म्हणणेही लेखी घ्यावे आणि आराखड्यात ‘सणासुदीला भेट, निवास वसतिगृहात’ असे स्पष्ट नमूद करावे, म्हणजे पुढे कोणाला वेगळा अर्थ काढता येणार नाही. विश्वस्त साहेबांच्या मंडळाचा ठराव झाला, तर त्यांचे संमतिपत्रही सोबत जोडावे. राहण्याची जागा हातात असलेल्या प्रकरणात आदेश लवकर निघतो, असा माझा अनुभव आहे.

समितीपुढे जाताना मूळ कागद अधीक्षिकांकडे आणि छायांकित प्रतींचा एक संच मुलीच्या स्वतःच्या हातात असावा. समितीने तिच्याशी एकटीशी बोलावे, अशी विनंती अर्जातच करा. आपण बाहेरच्या बाकावर बसून राहिलात, तरी तिला आधार वाटेल.